धूपवाला डिंक

हिवाळा माझा होता. म्हणजे बाबांचा हिवाळा. वर्षाचे बाकीचे महिने बाबा भावाचे, शेताचे, गावाचे. पण धान घरात आले आणि तणसाचा ढीग रचून झाला की बाबा माझे. असे काही कोणी ठरवून दिले नव्हते. मीच ते तसे धरून चालले होते, आणि कोणी त्यात वाटा मागेल असे माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

याची सुरुवात १९९९ साली झाली. त्या वर्षी दिवाळीच्या आधी आई गेली. आमचे गाव नवेगाव बांधच्या पलीकडे, तळ्याच्या अंगाला. तिथली थंडी ओली असते. पहाटे धुके तळ्यावरून उठते आणि सरळ घरात शिरते. बाबांची छाती या दिवसांत भरायची आणि आईच त्यांचे सगळे बघायची. मार्गशीर्ष लागला की मेथी-डिंकाचे लाडू, जवसाची चटणी, कुळथाचे कढण, आठवड्यातून दोनदा तळ्याच्या मासोळीचा तिखट रस्सा. ती गेल्यावर घरात बाबा आणि माझा धाकटा भाऊ, दोघेच उरले. भावाला भात उकडता यायचा, तोही कधी खाली लागायचा. पौषात निरोप आला की बाबा खोकून खोकून अर्धे झाले आहेत. मी एस.टी.ने गेले, कोहमाऱ्याला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना गोंदियाला घेऊन आले.

माझा नवरा राईस मिलमध्ये मशीनवर होता. भाड्याच्या दोन खोल्या, पुढे जरासे अंगण, आजूबाजूला सगळे हिंदी बोलणारे. मीही लग्नानंतर दोन-तीन वर्षांत फाडफाड हिंदी बोलू लागले होते आणि माहेरी गेले की मधूनमधून मुद्दाम बोलायची. अशा घरात मी बाबांसाठी कोपऱ्यातली खाट केली, दोन रजया दिल्या, नवऱ्याच्या मागे लागून हीटर आणवला. आणि लाडू केले. आईला लाडू करताना मी कधी पाहिले नव्हते, कारण ती ते पहाटे करायची आणि आम्ही उठेपर्यंत डबे भरून झालेले असायचे. पण तिची मुलगी होते ना मी. अंदाजाने केले. पहिला लाडू बाबांच्या हातावर ठेवला आणि त्यांनी तोंडात टाकायच्या आधीच मी म्हणाले, "आईच्या हातची चव आली आहे की नाही?"

बाबांनी खाल्ला, मान हलवली आणि म्हणाले, "बरा झाला."

महिनाभरात त्यांचा खोकला थांबला. महाशिवरात्रीला मी त्यांना गावी सोडले तेव्हा शेजारपाजारच्या बायका म्हणाल्या, पोरगी असावी तर अशी. मी ते ऐकले आणि गाठीशी बांधून ठेवले. त्यानंतर दर हिवाळ्यात हेच. पाच हिवाळे. बाबा कधी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे, परातीकडे बघायचे. मी म्हणायची, "बाबा, तुम्ही बसा. तुम्हाला काय पाहिजे ते मी देते." ते बसायचे. मला वाटायचे, केवढे सुख देते आहे मी या माणसाला.

मग भावाचे लग्न झाले.

मुलगी सालेकसाकडची, कचारगडाच्या बाजूच्या जंगलपट्टीतली. अंगाने बारीक, बोलणे कमी, डोळे मोठे. वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण आमच्याकडे भावाची बायको ती वहिनीच, म्हणून मी तिला वहिनी म्हणायची आणि ती मला ताई. तिला हिंदी धड येत नव्हते. माझ्या मनात तिच्याविषयी काहीही नव्हते. उलट मी तिला दोन साड्या नेल्या होत्या, त्यातली एक बऱ्यापैकी होती.

भाऊबीजेला गावी गेले तेव्हा पहिला काटा टोचला. दुपारची वेळ. बाबा ओसरीवर बसलेले, आत आम्ही दोघी भांडी आवरत होतो. बाबांनी आवाज दिला, "बाई, पाणी आन व जरासं."

मी जन्मल्यापासून बाबा मला बाई म्हणत आले. माझे नाव त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. मी तांब्या भरला आणि वळले, तर वहिनी दुसरा तांब्या घेऊन दारातून बाहेर पडलेली. मी मागोमाग गेले. बाबांनी तिच्या हातचे पाणी घेतले, प्यायले आणि मग माझ्याकडे बघून विचारले, "तू काऊन आली?"

मी म्हणाले, मलाही तहान लागली होती. आणि तिथे उभ्या उभ्या ते तांब्याभर पाणी पिऊन टाकले.

त्या हिवाळ्यात बाबा आले, पण हातात पिशवी होती आणि पिशवीत डबा होता. वनस्पती तुपाचा जुना डबा, झाकणावर फडके बांधलेले. मी विचारले, हे काय. म्हणाले, लाडू. घरून आणले. मी हसून म्हटले, माझ्याकडे लाडू नाहीत का? ते म्हणाले, "दिले तिनं. फेकू का मंग?"

फेका असे मी म्हणणार नव्हते, पण म्हणावेसे वाटले. रोज सकाळी उन्हात बसून ते त्या डब्यातला लाडू खायचे. मी माझा पुढे केला की म्हणायचे, "दोन-दोन कायले? पोट हाये का पोतं?" माझे लाडू परातीत तसेच. शेवटी नवऱ्याने खाल्ले, मुलांनी खाल्ले, शेजारच्या भाभीला दिले. भाभी म्हणाली, बहुत बढ़िया. मला तिची स्तुती नको होती.

एका दुपारी बाबा अंगणात खाटेवर डोळे मिटून पडले होते. मी डबा उघडला. चोरीच म्हणायची ती. एक लाडू अर्धा मोडला आणि तोंडात टाकला. डिंक दाताखाली कुरकुरला, मग मेथीचा कडूपणा आला आणि तो जिभेवर बसायच्या आत गूळ आला. मी तिथेच भिंतीला टेकले. ती आईचीच चव होती. अगदी तीच. पाच वर्षे मी जी करायला बघत होते आणि आली आहे असे स्वतःला सांगत होते, ती सालेकसाच्या जंगलातून आलेल्या, माझ्या आईला एकदाही न पाहिलेल्या पोरीने डब्यात भरून पाठवली होती.

माझा जीव जळला. दुसरा शब्द नाही. उरलेला अर्धा लाडू मी परत डब्यात ठेवला, मग वाटले अर्धा दिसेल, म्हणून तोही खाल्ला, आणि तो खाताना मला तो आवडत होता याचा जास्त राग आला.

पंधरा दिवसांत बाबा जायला निघाले. मी म्हणाले, अजून संक्रांतही झाली नाही. ते म्हणाले, "तिकडं काम हाये." सत्तरीच्या माणसाला कसले काम? भाऊ शेत बघतो, सून घर बघते. मी नवऱ्याला म्हणाले, तिने काहीतरी करून ठेवले आहे. नवरा पेपर वाचत होता. म्हणाला, लाडू केले आहेत. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही.

पुढच्या वर्षी बाबा आलेच नाहीत. मी भावाच्या मोबाईलवर फोन लावला तर तो म्हणाला, बाबांशीच बोल. बाबा फोनवर नेहमी ओरडून बोलायचे. "या साली नाई येत. इथंच बरं हाये मले." बस. एवढी दोन वाक्ये ओरडून त्यांनी फोन भावाला दिला, आणि मागे वहिनी हसल्याचा आवाज आला. ती कशाला हसली कोण जाणे. मला वाटले मलाच हसली.

मग मी ठरवले. ते येत नाहीत ना, मी जाते. तिच्या स्वयंपाकघरात, तिच्या डोळ्यांदेखत असे लाडू करते की बाबा म्हणतील, आता कळले लाडू म्हणजे काय. आणि मग त्यांना घेऊनच येते.

सामान घ्यायला बाजारात गेले तेव्हा मला स्वतःलाच कडाक्याची सर्दी झाली होती. नाक चोंदलेले, डोके जड. बाबांची काळजी करता करता त्या वर्षी मी स्वतः धड काही खाल्ले नव्हते. खारीक, खोबरे, गोडंबी, चारोळी किराणा दुकानातून घेतली. डिंक मात्र दुकानातला घ्यायचा नव्हता. वहिनीचा डिंक तिच्या माहेरून, थेट झाडावरचा यायचा, तर माझाही झाडावरचाच पाहिजे. बाजाराच्या टोकाला जंगलातला माल घेऊन बसणाऱ्या बायका असतात. त्यांच्यातल्या एकीकडे सोनेरी, चकचकीत, मोठमोठे खडे होते. इतका देखणा डिंक मी आधी पाहिला नव्हता.

मी एक खडा हातात घेतला. ती बाई म्हणाली, "दीदी, ये तो धूप वाला है।"

मी गोंदियात दहा वर्षे काढलेली. धूप म्हणजे ऊन, हे मला कोणी शिकवायला नको होते. मला वाटले, ती मालाची तारीफ करते आहे, उन्हात कडकडीत वाळवलेला आहे, सावलीत वाळवून बुरशी धरलेला नाही. मी रुबाबात म्हणाले, "हां हां, धूप वाला ही चाहिए। छाया वाला नहीं।"

बाई माझ्या तोंडाकडे क्षणभर बघत राहिली. मग काही न बोलता तिने तराजू उचलला. मला वाटले, गिऱ्हाईक जाणकार आहे हे पाहून गप्प झाली.

गावी पोचले तेव्हा सकाळचे दहा वाजले असतील. अंगणात पाय ठेवला आणि मी कान दिला. खोकला ऐकायला. हे सांगायला लाज वाटते, पण सांगते. माझे सगळे लक्ष त्या खोकल्याकडे होते. एकदा तरी खोकू दे, एकदाच, म्हणजे मला म्हणता येईल की बघा, माझ्याकडे असता तर असे झाले नसते. पण घरात खोकला नव्हता. बाबा मागच्या अंगणात उन्हाला पाठ करून बसले होते, कानाला दुपट्टा गुंडाळलेला, पुढे सुपात काहीतरी. गाल भरले होते. मला बघून म्हणाले, "आली का? सर्दीनं नाक पाहा कसं लाल झालं तुयं." आणि बाप बरा आहे हे बघून त्याच्या पोरीला वाईट वाटले.

वहिनीने चहा दिला, आल्याचा, गूळ घातलेला. बरा होता. मी पिऊन टाकला आणि पदर खोचला. "वहिनी, आज लाडू मी करते."

"करा ना ताई," ती म्हणाली. तिने चूल सारवून ठेवलेली होती, सरपण हाताशी होते, कढई घासलेली. घरात बोट ठेवायला जागा नव्हती, आणि मी ती शोधत होते.

मी सामान मांडले. डिंकाची पुडी सगळ्यांत शेवटी, जरा ऐटीत उघडली. वहिनी वाकून बघू लागली.

"ताई, हा कोणता डिंक?"

"धूपवाला," मी म्हणाले. "खास आहे."

"धुपाचा?" तिने एक खडा उचलून नाकाशी नेला. "ताई, पण हा तं..."

"वहिनी," मी तिच्या हातातून खडा घेतला, "तू बस. रोज तूच करतेस ना? आज मला करू दे."

तिने पुन्हा तोंड उघडले. मी पाठ फिरवली. मग ती बसली.

तूप तापले. मी मूठभर डिंक सोडला आणि फुलायची वाट बघू लागले. डिंक तुपात पडला की लाह्यांसारखा टचाटच फुलून वर येतो. हा येईना. खडे बुडाशीच बसले, कडेने विरघळू लागले, मग एकमेकांना चिकटले. मी जाळ वाढवला. कढईत चिकट तपकिरी लगदा झाला आणि धूर निघू लागला. पांढरा, दाट, आढ्यापर्यंत. मला वाटले तूप कमी पडले, म्हणून आणखी तूप घातले. माझे नाक बंद. मला कसलाही वास येत नव्हता. वहिनी मात्र पदर तोंडावर धरून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते.

तेवढ्यात मागच्या दारात बाबा आले. उंबऱ्याबाहेर चप्पल काढली, कानाचा दुपट्टा सोडला आणि दोन्ही हात जोडून आत बघत विचारले, "आज कायची पूजा होऊन रायली व बाई?"

यावेळी बाई कोण, हे विचारायची कोणाला गरज पडली नाही.

बाबांनी पुडीतला खडा उचलला, हुंगला. "हा तं सालईचा. देवापुढं जाळाचा. तुले कोणं देल्लं हा?"

मी बाजारातली हकीकत सांगितली. सांगता सांगता 'धूप' हा शब्द माझ्याच तोंडून माझ्या कानावर पडला आणि मी पुडी मिटायला लागले. लहानपणापासून आमच्या देवघरात धूप जळत आलेला. धूप म्हणजे धूप, हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण मी पडले हिंदीवाली. तरी बाबांनी खोदून विचारले म्हणून 'छाया वाला नहीं' तेही सांगावे लागले. त्यावर बाबा खांबाला धरून हसले. वहिनी हसली. इतके हसूनही बाबांना ठसका लागला नाही, हेही मी टिपून ठेवले. मग मी रडले. डोळे धुराने आधीच लाल होते, त्यामुळे कोणाच्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

बाबा म्हणाले, "उठ."

मला वाटले, ते मला ओसरीवर घेऊन जाणार. पण मी उठले आणि त्या पाटावर ते स्वतः बसले. चुलीतले एक लाकूड मागे ओढले. वहिनीने न सांगता दुसरी कढई आणली, फडताळातून डबा काढला, खलबत्ता त्यांच्या उजव्या हाताशी ठेवला. धावड्याचा डिंक, बारीक, मळकट, दिसायला माझ्या डिंकापुढे काहीच नाही असा. बाबांनी तो बत्त्याने फोडला, हरभऱ्याएवढा. एकच कण तुपात सोडून बघितला, तो फुलला तेव्हा चिमटीने थोडा थोडा सोडू लागले. डिंक टचाटच वर येऊ लागला. ते झाऱ्याने काढत, निथळवत, पुढची चिमूट सोडत. कुठे घाई नाही, कुठे अंदाज चुकत नाही. मी शेतात, बैलांपाशी, बाजारात, सगळीकडे त्यांचे हात पाहिले होते. चुलीपुढे कधी पाहिले नव्हते.

"बाबा, तुम्हाला हे येते?"

"चाळीस वर्सं केलं व. तुमी पोट्टे तवा झोपून राहा."

"लाडू आई करायची."

"मेथी ते भाजे. डिंक माह्याकडं." झारा कढईवर आपटत ते म्हणाले, "तिले तुपाचा अंदाजच नोता. दोनदा जाळला तिनं, मंग मी म्हटलं, तू सरक."

वहिनी हळूच म्हणाली, "मले काई येत नोतं ताई. आमच्याकडं मोहाचे लाडू करतेत, डिंकाचे नाई. म्या बाबाले इचारलं. तवापासून बाबाच करतेत. मी मेथी निवडून देतो, आन् वळतो."

म्हणजे पाच हिवाळे मी ज्या माणसापुढे लाडू धरून विचारत होते, आईच्या हातची चव आली ना, त्याच्याच हातची ती चव होती. आणि तो मान हलवून बरा झाला म्हणत होता.

"मग मला सांगितले का नाही?"

"तू म्हणत होती, मायची चव आली. मी कायले बोलू?"

पण ज्यासाठी आले होते ते विचारल्याशिवाय मी जाणार नव्हते. म्हणून विचारले. वहिनीसमोरच विचारले, ती उठून बाहेर जायला लागली तरी थांबले नाही. "मग माझ्याकडे का येत नाही, बाबा? काय कमी केले मी तुम्हाला?"

बाबांनी कढई उतरवली. हात पुसले.

"थंडी वाजते व."

"दोन रजया होत्या. हीटर होता."

"होता ना. तरी वाजे. बसून-बसून वाजे." ते माझ्याकडे बघत नव्हते, फुललेल्या डिंकाकडे बघत होते. "तू उठूच दे नाई. बसा बसा. तुयाकडं मी बिमार राहो बाई. इथं मी माणूस हावो."

दुपारी आम्ही तिघांनी लाडू वळले. बाबांनी मागच्या अंगणात गोरसीत निखारे काढून आणले होते, त्या मातीच्या गोरसीभोवती बसून. नव्या तांदळाचे पोहे, जवसाची चटणी, तळ्यातले उकडलेले शिंगाडे. माझे नाक उबेने हळूहळू मोकळे झाले आणि मग माझ्याच साडीला येणारा धुपाचा वास मला यायला लागला. वहिनीचे लाडू गोल होते. माझे बसके. बाबांनी दोन्ही एकाच डब्यात टाकले, पण वर तिचे राहिले.

परत येताना एस.टी.त मला तिचा जास्तच राग आला होता. ती कपटी असती तर बरे झाले असते. तिने काही केलेच नव्हते. तिला काही येत नव्हते, एवढेच तिचे भांडवल, आणि मला सगळे येत होते. मी ते सगळे येणे मांडीवर घेऊन कोहमाऱ्यापर्यंत रडले. गाडीत शेजारच्या बाईने विचारले, कोणी गेले का. मी म्हटले, नाही, सर्दी आहे.

पुढचे वर्षभर मी एका वाक्याची तयारी केली. मार्गशीर्ष लागल्यावर गावी गेले आणि बाबांसमोर उभी राहिले. म्हणाले, "बाबा, मला लाडू करायचे आहेत. मला येत नाहीत." नवऱ्याला सॉरी म्हणणे मला यापेक्षा सोपे गेले आहे.

बाबा दुसऱ्या दिवशीच्या गाडीने माझ्याबरोबर आले. डिंक त्यांनी स्वतः पिशवीत बांधून घेतला. बाजारात माझ्यावर सोडला नाही. आठ दिवसांची बोली होती. दोनच दिवसांत लाडू झाले, आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या भाभीपर्यंत वास गेला. तिला पाहिजे होते, तिच्या जावेला पाहिजे होते, पलीकडच्या म्हातारीला गुडघ्यांसाठी पाहिजे होते. बाबा आमच्या अंगणात उन्हात पाट टाकून बसले आणि मोडक्या हिंदीत त्या सगळ्यांना कामाला लावू लागले. माझ्या मुलांना खोबरे किसायला बसवले. हीटर माळ्यावर गेला. मी त्यांना आठ दिवसांत एकदाही बसा म्हणाले नाही. दोनदा तोंडाशी आले होते, गिळले.

सातव्या दिवशी भावाच्या मोबाईलवरून फोन आला. वहिनी होती.

"ताई, बाबा कवा येऊन रायले?"

"का गं?"

"नाई, म्हटलं..." ती थांबली. "इकडं लाडू करायचे हायेत अजून. मेथी निवडून ठेवली म्या. घर कसं सुनं सुनं वाटून रायलं." मग जरा वेगळ्या आवाजात, जणू सहज विचारते आहे असे, "तिकडं खोकतेत का बाबा?"

तो आवाज मी ओळखला. तो मी चांगलाच ओळखत होते. तिला माझ्याकडून होकार ऐकायचा होता, अगदी बारीकसा, एक ठसका लागला एवढा तरी.

मी दारातून बाहेर बघितले. बाबा भाभीच्या हातातून बत्ता काढून घेत होते आणि "इतना बारीक कायको करते" म्हणून तिला रागावत होते.

"नाही गं वहिनी, अजिबात खोकत नाहीत," मी म्हणाले. "आणि आणखी आठ दिवस तरी काही येत नाहीत ते. इथे त्यांना फार काम आहे."

ती म्हणाली, बरं. मी फोन ठेवला आणि खोटे कशाला बोलू, त्या हिवाळ्यात लाडवांपेक्षा मला तिचे ते 'बरं' जास्त मानवले.